‘मुले किती?’ या प्रश्नापलीकडचा आजार

स्त्रीरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात ओटीपोटातील दुखण्याची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला वय आणि शेवटच्या पाळीची तारीख विचारून झाली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मुले किती? उत्तर ‘अजून नाही’ असे आले, तर तपासण्यांना वेग येतो. सोनोग्राफी, संप्रेरकांच्या चाचण्या, प्रसंगी दुर्बिणीची शस्त्रक्रिया. उत्तर ‘दोन’ असे आले, तर पुष्कळदा वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी हाती पडते आणि ‘आता काळजीचे कारण नाही’ असा दिलासा मिळतो. तिची काळजी मुळात मुलांविषयी नव्हतीच. महिन्यातले चार-पाच दिवस आपल्याला ताठ उभे राहता येत नाही, एवढेच तिचे म्हणणे होते.

एंडोमेट्रिऑसिस या आजाराकडे भारतात आजही प्रामुख्याने वंध्यत्वाच्या अंगाने पाहिले जाते. त्यामुळे मूल हवे असलेली रुग्ण दिसते; मूल असलेली, नोकरी सांभाळणारी, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणारी रुग्ण दिसत नाही. आजार मात्र दोघींचा एकच असतो. या दृष्टिदोषाला निव्वळ असंवेदनशीलता म्हणून सोडून देता येणार नाही. ती एक वैज्ञानिक चूक आहे आणि तिची किंमत संशोधन, उपचार व कायदा या तिन्ही ठिकाणी मोजावी लागत आहे.

प्रथम आजाराचे स्वरूप पाहू. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात. बीजांडकोशांवर, उदरपोकळीच्या पातळ आवरणावर, गर्भाशयामागच्या खळग्यात, आतड्यावर वा मूत्राशयावर त्यांची बेटे तयार होतात. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली ती वाढतात, त्यांतून रक्तस्राव होतो आणि त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. भोवतालच्या ऊतींचा दाह होतो, व्रण पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. जॉन सॅम्पसन या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९२७ साली असे मांडले, की पाळीच्या वेळी काही रक्त बीजवाहिन्यांतून उलटे उदरपोकळीत जाते आणि त्यासोबत गेलेल्या पेशी तिथे रुजतात. हा उलटा प्रवाह पाळी येणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांत घडतो. आजार मात्र सुमारे १० टक्के स्त्रियांनाच होतो. म्हणजे पेशी तिथवर पोहोचणे पुरेसे नाही. त्यांना तिथे टिकू देणारी काही कारणे रोगप्रतिकारयंत्रणेत, जनुकांत आणि संप्रेरकांच्या व्यवहारात असली पाहिजेत. शंभर वर्षे होत आली, तरी हे कोडे पुरते सुटलेले नाही.

वेदनेचे गणित त्याहून गुंतागुंतीचे आहे. शस्त्रक्रियेत दिसणाऱ्या विस्तारावरून या आजाराच्या चार पायऱ्या ठरवल्या जातात. पण पायरी आणि वेदना यांचा मेळ बसत नाही. चौथ्या पायरीच्या एखादीला फारसे दुखत नाही, तर पहिल्या पायरीची दुसरी वेदनेने कळवळते. रुजलेल्या बेटांभोवती नवे चेतातंतू वाढतात, दाह निर्माण करणारी रसायने त्यांना सतत डिवचतात आणि वर्षानुवर्षे असे होत राहिले, की मज्जारज्जू व मेंदूची वेदनेची पातळीच बदलते. मग पाळी नसतानाही ओटीपोट दुखते, कंबर भरून येते, शौचाच्या वा लघवीच्या वेळी कळ येते, झोप होऊनही थकवा जात नाही. ‘पाळीत दुखायचेच’ या वाक्यात हे सारे मावत नाही.

आता मुलांचा मुद्दा. ‘लग्न होऊ दे, एक मूल झाले की सगळे सुरळीत होईल,’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. काही वेळा तो दवाखान्यातूनही मिळतो. त्याला आधार आहे तो एवढाच, की गर्भारपणात आणि बाळ अंगावर पीत असण्याच्या काळात पाळी थांबते, संप्रेरकांची स्थिती बदलते आणि अनेकींना आराम पडतो. पाळी परत सुरू झाली, की दुखणेही परत येऊ शकते. ‘एश्रे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युरोपीय मानवी प्रजनन व भ्रूणविज्ञान संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे, की केवळ आजारावर उपाय म्हणून गर्भधारणेचा सल्ला रुग्णांना देऊ नये. मूल हे औषध नव्हे. ते नऊ महिन्यांची सवलत देऊ शकते. त्यानंतर येते ती रात्रीची जागरणे, कडेवरचे ओझे आणि कामावर परतण्याची तारीख. दुखणे परतते तेव्हा ते सोसण्यासाठी लागणारी सवडच संपलेली असते.

एखाद्या नोकरदार आईचा दिवस या दृष्टीने तपासून पाहावा. उपचारशास्त्र सांगते, की वेदनाशामक गोळी दुखणे शिगेला पोहोचण्याआधी, शक्यतो काही खाऊन घ्यावी. प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याआधीच तिला काम करायचे असते. पण सकाळी सहाला डबे, साडेसातला शाळेची बस आणि आठची लोकल या क्रमात न्याहारी सगळ्यांत शेवटी येते किंवा येतच नाही. मग गोळी रिकाम्या पोटी घेतली जाते, नाहीतर उशिरा. भारतात पाळीच्या दुखण्यावर सर्रास वापरल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडविषयी इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. ताप, पुरळ आणि अंतर्गत अवयवांवर परिणाम करणारी एक तीव्र ॲलर्जिक प्रतिक्रिया क्वचित उद्भवू शकते, असे त्यात म्हटले होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध उपयुक्तच आहे. प्रश्न आहे तो वर्षानुवर्षे पर्समध्ये पडून असलेल्या आणि कोणालाही न विचारता घेतल्या जाणाऱ्या पाकिटाचा.

दुसरा मार्ग संप्रेरकांचा. रोजची डायनोजेस्टची गोळी, संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन यांनी पाळी दबते आणि बऱ्याच जणींचे दुखणे कमी होते. पण सुरुवातीचे काही महिने अवेळी रक्तस्राव होत राहतो, काहींची मनःस्थिती ढासळते. संप्रेरके जवळजवळ पूर्ण दाबणारी इंजेक्शने दीर्घकाळ घेतल्यास हाडे विरळ होतात, म्हणून त्यांना पूरक संप्रेरकांची जोड द्यावी लागते. तिसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. तिने दिलासा मिळतो; तथापि अनेक स्त्रियांत काही वर्षांनी आजार पुन्हा डोके वर काढतो. शिवाय शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे वजन उचलायचे नसते. दोन वर्षांच्या मुलाच्या आईला हे कसे पाळता येणार, याचे उत्तर डिस्चार्जच्या कागदावर नसते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, शेक, नियमित झोप, हलका व्यायाम, दुखण्याची रोजनिशी ही सारी साधने उपयोगाची आहेत आणि त्या सर्वांना एकच कच्चा माल लागतो : वेळ.

हा वेळ कुठे जातो, याची मोजदाद देशाने केलेली आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटे खर्च करतात. सहभागी होणारे पुरुष ८८ मिनिटे. १५ ते ५९ वयोगटात घरातील माणसांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांचा त्यासाठी दिवसाला १४० मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ७४ मिनिटे. दीर्घकालीन आजाराचे व्यवस्थापन हा या दोहोंवर चढणारा तिसरा बोजा. तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. ‘स्वतःची काळजी घे’ हा सल्ला देणाऱ्याने त्या २८९ मिनिटांतली किती मिनिटे आपण उचलणार, हेही सांगायला हवे. त्याशिवाय तो सल्ला उपचार ठरत नाही.

यातला विरोधाभास असा, की विज्ञानाला हे सारे ठाऊक आहे. या आजाराचा जगण्यावर होणारा परिणाम मोजण्यासाठी ऑक्सफर्डमध्ये २००१ साली रुग्ण स्त्रियांच्या मुलाखतींतून एक प्रश्नावली तयार झाली. ‘ईएचपी-३०’ या नावाने ती जगभर वापरली जाते. तिच्या मूळ ३० प्रश्नांना सहा पुरवणी भाग जोडलेले आहेत. त्यांतला पहिला भाग कामाविषयी आहे, दुसरा मुलांशी असलेल्या नात्याविषयी. वंध्यत्वाचा भाग शेवटचा आहे. स्त्रियांशी बोलून तयार केलेल्या प्रश्नावलीत काम आणि मुले या दोहोंना स्वतंत्र जागा मिळाली, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. परंतु पुरवणी भाग वापरायचा की नाही, हे संशोधकाच्या इच्छेवर असते. भारतातील प्रत्येक अभ्यासाने आणि औषधचाचणीने हे दोन भाग अनिवार्य मानावेत, ही मागणी खर्चिक नाही. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, काही प्रश्न वाढवावे लागतात.

भारतीय स्त्रियांविषयीचे ज्ञान आणखी एका बाबतीत तोकडे आहे. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांवरून या आजाराच्या जोखमीतला सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक असल्याचे दिसते. २०२३ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६० हजारांहून अधिक रुग्ण आणि ७ लाखांहून अधिक निरोगी स्त्रियांच्या जनुकीय माहितीची तुलना करून आजाराशी संबंधित ४२ जनुकीय स्थाने निश्चित करण्यात आली. त्यांतील काहींचा संबंध अर्धशिशी आणि पाठदुखीसारख्या इतर दीर्घकालीन वेदनांशीही आढळला. मात्र या स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. ही उणीव भरून काढण्याचे काम मुंबईतील ‘राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था’ ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था करत आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतील केंद्रांना जोडून आजाराची लक्षणे व जनुके यांचा एकत्र अभ्यास तिने हाती घेतला आहे. तोवर ‘भारतात चार कोटींहून अधिक रुग्ण’ हा सतत ऐकू येणारा आकडा सावधपणेच वापरावा लागेल. जागतिक १० टक्क्यांचे प्रमाण भारतीय लोकसंख्येला लावून काढलेला तो अंदाज आहे.

आनुवंशिकतेचा हा धागा पालकत्वाशीही जोडलेला आहे. ‘माझेही असेच दुखायचे, माझ्या आईचेही दुखायचे’ हे वाक्य आजवर मुलीला गप्प करण्यासाठी वापरले गेले. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तोच कौटुंबिक इतिहास आहे आणि तो ऐकताच डॉक्टरांनी सावध व्हायला हवे. आईने आपले दुखणे ‘सहन करायचे असते’ म्हणून दडवले, तर मुलगीही तेच शिकते. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत जगभरात ४ ते १२ वर्षे जातात. शाळेत असताना सुरू झालेल्या दुखण्याला नाव मिळेपर्यंत ती मुलगी स्वतः आई झालेली असू शकते.

निदानाच्या बाबतीत एक महत्त्वाचा बदल झाला आहे आणि तो विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावा. दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज निदान पक्के मानायचे नाही, ही जुनी रीत. ‘एश्रे’च्या २०२२ च्या तत्त्वांनी ती मोडली. सोनोग्राफी वा एमआरआय आणि लक्षणांचा इतिहास यांच्या आधारे उपचार सुरू करता येतात. प्रतिमांत काही न दिसल्यास किंवा औषधांनी गुण न आल्यास दुर्बिणीचा विचार करावा. सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून आजार नाहीच, असेही समजू नये. पातळ, वरवरची बेटे तिथे सहसा दिसत नाहीत. भारतात यात एक अडथळा आहे. योनीमार्गे करायची सोनोग्राफी अविवाहित मुलींच्या बाबतीत सहसा टाळली जाते. अशा वेळी एमआरआयसारखे पर्याय वापरण्याऐवजी ‘लग्नानंतर पाहू’ असे म्हटले, तर निदान वैद्यकीय कारणाविना काही वर्षे पुढे ढकलले जाते.

आता कायद्याकडे वळू. नोकरदार स्त्रीच्या शरीराची दखल भारतीय कायद्याने घेतली आहे. मात्र ती प्रामुख्याने अपत्यजन्माभोवती. मातृत्व लाभाच्या कायद्यात प्रसूती, गर्भपात, गर्भारपण व प्रसूतीतून उद्भवलेले आजारपण आणि नसबंदी यांसाठी रजा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. ही चांगली पावले होत. पण बाळ वर्षाचे झाल्यावर आईच्या पोटात जे दुखते, त्याला या चौकटीत स्थान नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांतही ते बसत नाही.

पाळीच्या रजेचा वाद इथेच उपस्थित होतो. बिहारमध्ये सरकारी नोकरीतील स्त्रियांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवसांची रजा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने सरकारी व खासगी क्षेत्रांत वर्षाला १२ दिवसांच्या पगारी रजेचे धोरण मंजूर केले. दुसरीकडे, जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी रजा सक्तीची केल्यास मालक स्त्रियांना नोकरीच देणार नाहीत, अशी भीती व्यक्त करून हा प्रश्न धोरणकर्त्यांकडे सोपवला. ही भीती निराधार नाही. रजेचा खर्च एकट्या मालकावर पडत असेल, तर तो नेमणुकीच्या वेळीच हिशेब करतो. सरसकट रजेत दुसरीही उणीव आहे. निरोगी स्त्री आणि गंभीर आजार असलेली स्त्री यांना ती एकाच मापाने मोजते : पहिलीला कदाचित गरज नसते, दुसरीला एक दिवस पुरत नाही.

यातून वाट आहे आणि ती आजारपणाच्या विम्यातून जाते. स्पेनने २०२३ मध्ये एंडोमेट्रिऑसिससारख्या कारणांमुळे असह्य होणाऱ्या पाळीसाठी वैद्यकीय दाखल्यावर मिळणारी रजा मान्य केली आणि तिचा खर्च पहिल्या दिवसापासून सामाजिक सुरक्षा यंत्रणेकडे सोपवला. भारतातही कर्मचारी राज्य विमा योजना आहे. पण त्या योजनेतली अट पाहावी. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नाही. आधीच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यासच ही अट शिथिल होते. जो आजार दर २८ दिवसांनी येतो आणि दोन दिवस झोपवून जातो, तो या नियमाच्या फटीतून प्रत्येक महिन्याला निसटतो. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आजार म्हणजे एकदाच येणारा ताप वा अपघात, असे चित्र त्यांच्यासमोर असावे. चक्राकार आजार त्यांच्या गणितात नव्हता. वैद्यकीय दाखला असलेल्या एंडोमेट्रिऑसिससाठी ही दोन दिवसांची अट काढून टाकणे हा लहानसा बदल आहे. त्याने मालकावर बोजा पडणार नाही आणि स्त्रीला आपली व्यथा दर महिन्याला वरिष्ठांपुढे नव्याने मांडावी लागणार नाही. शस्त्रक्रियेविना निदान आता मान्य असल्याने दाखल्यासाठी दुर्बिणीचीही गरज उरत नाही.

विम्याचे कवच नसलेल्या स्त्रियांचे काय, हा प्रश्न याहून कठीण आहे. वेदनेवर उपचार नाही आणि गैरहजेरीला मुभा नाही, अशा कोंडीत काय घडते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असताना एका दिवसाचा खाडाही परवडत नाही; पाळीच बंद झाली तर बरे, असा विचार त्या हतबलतेतून येतो. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. त्या सगळ्याच स्त्रियांना एंडोमेट्रिऑसिस होता, असे मुळीच नाही. परंतु ज्यांना तो असेल, त्यांच्यासाठीही ही शस्त्रक्रिया हमखास उपाय ठरत नाही, कारण बेटे गर्भाशयाच्या बाहेर असतात. मजुरी बुडू नये म्हणून अवयव गमवावा आणि दुखणे तसेच राहावे, याहून मोठा व्यर्थ खर्च कोणता?

ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये या आजारासाठी राष्ट्रीय कृती आराखडा केला, फ्रान्सने २०२२ मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर केले. भारताच्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मधुमेह, रक्तदाब आणि काही कर्करोग आहेत. लक्षावधी स्त्रियांची उमेदीची वर्षे पोखरणारा हा आजार तिथेही यायला हवा. तोवर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट आजपासूनच करता येईल आणि त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. बाह्यरुग्ण कक्षातील केसपेपरवर ‘मुले किती?’ या प्रश्नाखाली आणखी एक ओळ जोडावी : महिन्यातले किती दिवस काम होत नाही, मुलाला उचलता येत नाही? त्या ओळीपुढे लिहिलेला आकडा हीच या आजाराची खरी पायरी असेल.

#एंडोमेट्रिऑसिस #स्त्रीआरोग्य #विज्ञानआणिसमाज